बसता येईल असा समुद्र

भीमपूरहून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी आधी काठी चढवली, मग पिशव्या आणि शेवटी माझ्या यजमानांना. कंडक्टरने सवयीने विचारलं, "दवाखाना का?"

"नाई, समुद्र पाहाले चाललो," मी म्हटलं. त्याने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढची सीट रिकामी करून दिली.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. तेव्हापासून हे घराच्या आतल्या खोलीत बसून असत. काठीने पाय ओढत चालता येई, तरी अंगणातही येत नसत. आमचं घर रस्त्याला लागून आहे, येणारी-जाणारी माणसं बघतात. त्या दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी म्हणाले, "मले एकडाव समुद्राच्या पाण्यात बसू दे."

"काऊन आता?"

"पाह्यला नाई अजून."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या, पण लाटांपासून जपा. विशाखापट्टणम मी ठरवलं, कारण तिथे तेलुगू चालते. आम्ही भाजीवाले, मळा घराला लागूनच. आदिलाबादच्या बाजारात बसून बसून मला कामापुरती तेलुगू येते. आधी परक्या गावी बोलायचं काम ह्यांचं असे. आता ते माझ्यावर आलं होतं.

सिकंदराबादला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. हवा अशी दमट की अंगावरचं पातळ दहा पावलांत चिकटलं. स्टेशनजवळ खोली घेतली आणि पेसरट्टू (मुगाच्या डाळीचा डोसा) खाल्ला. ह्यांना तो आवडला, दुसरा मागवला. मला वाटलं, सगळं सोपं जाणार.

रिक्षावाल्याला मी फक्त 'बीच' म्हटलं. त्याने शहरातल्या मोठ्या किनाऱ्यावर नेलं. लांबच लांब रस्ता, बसायला कठडा, भेळ-मक्याच्या गाड्या आणि पलीकडे ते अफाट पाणी. हे कठड्याला धरून कितीतरी वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, "चाल."

तिथेच थांबायला हवं होतं. वाळू पाण्याकडे एकदम उतरती होती आणि लाटा अगदी काठाशी येऊन फुटत होत्या. माणसं घोट्याएवढ्या पाण्यात हात धरून उभी होती, आत कोणीच नव्हतं. ते मला दिसलं, पण कळलं नाही. ह्यांची काठी दर पावलाला वाळूत रुतत होती. मी त्यांना धरून ओल्या वाळूपर्यंत नेलं. एक लाट आली, ती सोसली. परत जाताना तिने पायाखालची वाळू ओढून नेली आणि हे आडवे झाले. माझा हात सुटला. दोन तरुण धावत आले आणि त्यांना बगलेत धरून वर आणलं. नाकातोंडात खारं पाणी, पायजमा कमरेपासून घसरलेला. भोवती माणसं जमली. कोणी वाईट बोललं नाही, पण सगळे बघत होते.

"घरी चाल," हे एवढंच म्हणाले. खोलीवर आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी परतीची तिकिटं काढायला म्हणून मी निघाले आणि स्टेशनसमोर बसगाड्यांपाशी थांबले. आपण चुकीची जागा निवडली, समुद्राचा त्यात काय दोष, असं राहून राहून वाटत होतं. परत येऊन ह्यांना म्हटलं, "आज पाण्यात नाई जायचं. नुसतं पाहून येऊ."

आम्ही ऋषिकोंड्याला गेलो. टेकडी, सुरूची झाडं, खाली निळं पाणी. शहरातल्या किनाऱ्यापेक्षा शांत. पण रस्त्यापासून वाळूपर्यंत मेट्लु (पायऱ्या) होत्या. ह्यांनी वरूनच पाहिलं आणि काठीवर हनुवटी टेकवून बसून राहिले. शेजारी शहाळी विकणाऱ्या बाईला मी विचारलं, "अक्का, पायऱ्या नाहीत आणि पाणी उथळ आहे, असा किनारा कुठे आहे?" तिने ह्यांच्या पायाकडे पाहिलं. म्हणाली, "भिमिलीला जा. सकाळी लवकर जा."

हे यायला तयार नव्हते. "तमाशा झाला तेवढा पुरे," म्हणाले.

मलाही राग आला. "तमाशा तुमचा एकट्याचा झाला का जी? हात माहा सुटला. मले काय वाटून राह्यलं, ते इचारलं का तुमी?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हे माझ्याआधी उठून बसले होते.

भिमिलीची बस समुद्राच्या कडेकडेनेच जाते. भिमिली म्हणजे कोळ्यांचं जुनं गाव, तिथे नदी समुद्राला मिळते. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या आणि बायका बारीक मासळी वाळत घालत होत्या. त्यांतल्या एकीला मी विचारलं, "लोतू?" (खोल आहे का?) तिचं नाव नूकम्मा, वय पन्नाशीच्या पुढचं. नदीच्या तोंडाकडे बोट दाखवून तिने जोरात मान हलवली. तिथे ओढ आहे, जाऊ नका. मग होड्यांच्या पलीकडची जागा दाखवली आणि स्वतःच्या गुडघ्याला हात लावला.

तिने हाक मारली तशी जाळी विणणारे दोन कोळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. ह्यांना खुर्चीत बसवून पाण्यात न्यायचं, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मला हायसं वाटलं. पण ह्यांनी डावा हात आडवा धरला.

"नाई. मले उचलू नका."

"अहो, मग कसं जाता?"

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. माझ्या खांद्याचा आधार घेत ते खाली वाळूत बसले. डावा हात मागे टेकला, डावी टाच रोवली आणि बसल्या बसल्या पुढे सरकले. मग पुन्हा. उजवा पाय मागून ओढत येत होता. मी वाकले तर म्हणाले, "हात नको लावू."

पाणी फार लांब नव्हतं, पण त्यांना बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबले, धापा टाकल्या. मासळीवरच्या बायका कामं सोडून बघत होत्या. कोळी खुर्ची घेऊन तसेच उभे. ह्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. नूकम्मा मात्र त्यांच्या पुढे चालत गेली आणि पाण्यात शिरून, लुगड्यासकट, एका जागी मटकन बसली. बसल्यावर छातीएवढं पाणी होतं. इथपर्यंत यायचं, यापुढे नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

हे तिच्याशेजारी पोचले. मीही जाऊन बसले. लाटा येत, आम्हाला हलवत आणि जात. एका लाटेने ह्यांचा उजवा पाय अलगद वर आणला. दोन वर्षांत तो पाय आपण होऊन हललेला आम्ही पाहिला नव्हता. आताही तो पाण्यानेच हलवला होता, आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी हे त्या पायाकडे बघत राहिले.

"पाह्य," म्हणाले, "कसा तरंगून राह्यला."

नूकम्मा हळू आवाजात माझ्याशी बोलू लागली. तिचा नवरा होडीवर जाणारा. असाच एका बाजूने लुळा पडला आणि तीन वर्षं अंथरुणावर होता. घर तिथून दिसत होतं, तिने दाखवलं. दारातून समुद्र दिसे. तिने किती सांगितलं, चल, पाण्यापाशी तरी नेते. तो एकदाही आला नाही. "सिग्गु," ती म्हणाली. सिग्गु म्हणजे शरम. तसाच घरात वारला.

"काय म्हणते बाई?" ह्यांनी विचारलं.

"मंग सांगतो," मी म्हटलं.

उन्हं तापल्यावर आम्ही बाहेर आलो. येताना त्यांनी खुर्ची घेऊ दिली. नूकम्माच्या अंगावरून पाणी निथळत होतं, ती तशीच मासळीकडे गेली.

परतीच्या गाडीत मी तिचं बोलणं ह्यांना सांगितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडेच बघत विचारलं, "तीन वर्स?"

"हाव."



घरी आलो तेव्हा शेजारीपाजारी भेटायला आले. समुद्र कसा असतो, सगळ्यांनी विचारलं. मी त्यांना पाणी, होड्या, मासळी सांगितली, मधलं सगळं गाळून. तेव्हा हे आतून बोलले. शब्द जड, तुटक, पण सगळ्यांना कळतील असे. "माही बायको नाई सांगत. मी सांगतो. बसून सरकत गेलो, लेकरावानी."  कोणाला हसावं की नाही ते कळेना.

आता सकाळी हे मळ्यात असतात. मेथीच्या वाफ्याकडेला खाली बसतात आणि डाव्या हाताने तण काढत सरकत पुढे जातात. माझ्या निम्म्यानेही काम होत नाही, आणि उजव्या पायाखाली थोडी मेथी चेंगरते. रस्त्याने जाणारं कोणी ना कोणी थांबतंच. हे मान वर करतात आणि विचारतात, "काय पाहून राह्यले? या, बसा."