दोन वीत रिंग

“मराठी कच्चंच आहे तिचं. पण बरंच आहे ना ते, सांगू तसं लिहील.”

हे मी क्लबच्या ऑफिसबाहेर, बुटाची नाडी बांधताना ऐकलं. बोलत होते भाऊ, आमच्या बास्केटबॉल क्लबचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर मान डोलवत असणार ते सेक्रेटरी. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन फुकट तपासून देतात. मी नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि आत्ताच आल्यासारखी दारात उभी राहिले.

क्लबला पंचवीस वर्षं होत होती. स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यातला क्लबचा इतिहास मी लिहायचा होता. कारण काय, तर सात वर्षं मी क्लबच्या सामन्यांची स्कोअरर आहे, जुने कागद कुठे आहेत ते मलाच माहीत असतं, आणि माझं अक्षर बरं आहे. मी फार बोलत नाही, हे कारण कोणी सांगितलं नाही.

“काय कॉन्व्हेंट,” भाऊ म्हणाले. “दोन पानं कर. आपला संघ, आपली मेहनत, सगळं सणसणीत यायला पाहिजे. आणि इंग्लिशमध्ये विचार करून मराठीत लिहू नको हां.”

मी “हो” म्हटलं. तेवढं मला कुठल्याही भाषेत चांगलं जमतं.

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढले. शाळेत मराठी ही आठवड्यातून चार तासांची गोष्ट होती. टेबल तो की ते, यावर वर्गासमोर उभं राहून मी दोनदा रडले आहे. बाराव्या वर्षी बाबांनी मला नंदाखाल गावाच्या बाजूला असलेल्या या क्लबात घातलं, मुलगी बोलकी होईल म्हणून. मी बोलकी झाले नाही. पहिली दोन वर्षं बाकावर बसले आणि बाकावरून दिसतं तेवढं सगळं पाहिलं. मग मुलींच्या कोच असलेल्या टीचरनी मला स्कोअरच्या टेबलावर बसवलं. म्हणाल्या, “स्कोअररने आपणहून बोलायचं नसतं. पण विचारलं की लगेच, खरं आणि मोठ्याने.” पहिला नियम मी जन्मतःच पाळत होते. दुसऱ्याची वेळ फारशी येत नसे, कारण आमच्या क्लबात विचारत कोणीच नाही, सगळे सांगतात.

भाऊंनाही इतिहास सांगायचाच होता. तो त्यांनी मला तीनदा सांगितला. तिन्ही वेळा सुरुवात ऑफिसात टांगलेल्या रिंगने झाली. ही क्लबची पहिली रिंग. दर वर्षी दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो. गावातल्या खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या वेल्डरने ती केली. माप भाऊंनी दिलं. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांच्याकडे टेप नव्हती. एका शाळेच्या मैदानावर खांबावर चढून त्यांनी तिथली रिंग स्वतःच्या वितीने मोजली आणि येऊन वेल्डरला सांगितलं, दोन वीत. वेल्डरने इमानदारीत दोन वीत रिंग केली, स्वतःच्या वितीने. वेल्डरचा पंजा भाऊंच्या पंजापेक्षा बराच मोठा आहे. केळीचा लोंगर तो एका हाताने उचलतो.

अशा दोन रिंगा झाल्या आणि कोर्टाच्या दोन टोकांना लागल्या. विहिरीत पोहरा सोडावा तसा चेंडू आत जायचा. आमचे पुरुष आपल्याच कोर्टावर इतके भारी नेमबाज झाले की बघायला माणसं जमायची. मग ते बाहेर खेळायला जायचे. तिथल्या रिंगा बरोबर मापाच्या असायच्या आणि चेंडू कडेवर आपटून परत यायचा. पुरुष परत येऊन सांगायचे की तिकडचे रेफरी विकले गेले आहेत. असं चार वर्षं चाललं. चार वर्षांत एकाही माणसाने टेप आणली नाही.

टेप आणली टीचरनी. त्या शाळेत पीटी शिकवायच्या. कोर्टाला लागून केळीची वाडी आहे, त्या बाजूची रिंग त्यांनी मोजली, काही न बोलता काढून ठेवली, आणि शाळेतून बाद झालेली पण बरोबर मापाची रिंग तिथे लावली. मुलींना त्या टोकाला खेळवायला सुरुवात केली. पुरुषांनी तिला ‘लेडीज रिंग’ नाव ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या टोकाला खेळत राहिले. मुलींची पाच ते साडेसहा ही वेळ तेव्हापासूनची आहे.

आता क्लब मोठा झाला आहे. सेक्रेटरींच्या भाषेत ‘अर्धव्यावसायिक’. कुठला अर्धा, ते मी विचारलेलं नाही. भाऊंनी बाहेरगावचे सहा उंच खेळाडू आणून मनवेलपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये ठेवले आहेत. त्यांना पगार नसतो, मानधन असतं. पगार म्हटलं की नोकरी होते, मानधन म्हटलं की सेवा. मुलं वाईट नाहीत. सामना झाल्यावर “थँक यू दीदी” म्हणणारे क्लबात तेवढेच. पण त्यांना संध्याकाळी सराव हवा, आणि संध्याकाळी कोर्टावर मुली असतात. टीचर गुडघ्यांमुळे आता येत नाहीत, त्यामुळे शिट्टी माझ्या गळ्यात असते. अकरा मुली आहेत.

कमिटीत भाऊ म्हणाले होते, “लेडीज विभाग नंतरचा आहे. संध्याकाळची वेळ मूळ संघाला द्या, मुलींनी सकाळी सहाला यावं.” सव्वासहाला त्या मुलींच्या शाळेच्या बस येतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कारण त्या मुलींतल्या दोघी कमिटीतल्यांच्याच नाती आहेत. कोणीतरी कुरकुर केली तेव्हा भाऊंनी हात वर केला. “इतिहास लिहून होऊ दे. मूळ कोण ते दिसेलच. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सभेत मत घेऊ.”

म्हणून मी इतिहास नीट लिहिला. ऑफिसातली ट्रंक उपसली. तळाशी क्लबने जिंकलेल्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याची स्कोअरशीट मिळाली, कार्बनची पिवळी प्रत. एक्केचाळीस–अडतीस. आमच्या बाजूला आठच खेळाडूंची नावं होती, आठही मुलींची, आणि कोच म्हणून टीचरची सही. मी लिहिलं, ‘सहाव्या वर्षी आमच्या मुली जिंकल्या आणि क्लबला पहिला चषक मिळाला.’

चार दिवसांनी प्रूफ आलं. सेक्रेटरींनी लाल पेनाने वाक्य दुरुस्त केलं होतं. ‘सहाव्या वर्षी आपला संघ विजयी झाला.’

“बाळ, तुझं चुकलं नव्हतं तसं,” ते म्हणाले. “पण ‘मुली जिंकल्या’ हे बोलीतलं झालं, गल्लीतल्या लंगडीसारखं. स्मरणिकेत ‘संघ’ शोभतो.”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. संघ. तो संघ. लहानपणी ज्या व्याकरणाने मला वर्गासमोर उभं केलं, त्याने एका शब्दात आठ मुली नाहीशा केल्या होत्या, आणि वाक्य शुद्ध होतं. खोटंसुद्धा नव्हतं. चांगल्या मराठीची ही सोय मला शाळेत कोणी शिकवली नव्हती. मी “हो” म्हटलं. भाऊंनी मला बरोबर ओळखलं होतं, हे त्या दिवशी जास्त लागलं.

प्रूफ घेऊन टीचरकडे गेले. त्या आपल्या वाडीतल्या घराच्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, लाल शाईसकट.

“माझं नाव कुठे नाही ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “शाल घ्यायला स्टेजवर चढावं लागलं असतं या गुडघ्यांनी.” मग पानं माझ्या हातात दिली. “पण पोरींची वेळ गेली तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही. तू बोलत नाहीसच, म्हणजे मग कठीण होईल.”

कार्यक्रम रविवारी ठेवला होता, सकाळची मिसा सुटल्यावर, म्हणजे चर्चमधली माणसंही येतील. कोर्टावर मंडप घातला होता, आणि मताची सभा तिथेच, सत्कारानंतर लगेच होती. मध्यभागी टेबलावर ती रिंग, हार घालून, लग्नातल्या मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासारखी. मला सवयीने बाजूच्या स्कोअरच्या टेबलावर बसवलं होतं, समोर स्मरणिकांचा गठ्ठा. अकरा मुली मागच्या रांगेत गणवेशात, टाळ्या वाजवायला आणलेल्या. माझ्या बॅगेत पिवळी शीट होती. ती कोणाला दाखवायची, ते मी ठरवलेलं नव्हतं. खरं तर दाखवायची नाही, असंच ठरत आलं होतं.

भाऊंनी माझा इतिहास स्वतः वाचला, स्वतःचा असल्यासारखा. ‘आपला संघ विजयी झाला’ या वाक्यावर थांबून त्यांनी टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या झाल्या. मग वेल्डरचा सत्कार झाला. म्हाताऱ्याने शाल खांद्यावर नीट केली, नारळ काखेत घेतला आणि माईकपाशी तसाच उभा राहिला.

“भाऊ, येक इचारू? माझ्या रिंगवर शिकून तुमी भायेर येक म्याच नाय जिंकली. मंग पयला कप आनला कोनी?”

मंडप हसला. भाऊही हसले, जरा उशिराने.

“संघाने, काका, संघाने! आपण मूळ संघ. हवं तर स्कोअररला विचारा, बसलीय ना इथे.” त्यांनी माईक माझ्याकडे वळवला. चेहऱ्यावर खात्री होती, सांगू तसं लिहील वाली. “काय कॉन्व्हेंट? कोण जिंकलं?”

म्हणजे विचारलं होतं. माझा हात बॅगेत गेला. पिवळी शीट टेबलावर उलगडून मी उभी राहिले. माईकची गरज पडली नाही.

“मुली जिंकल्या. एक्केचाळीस–अडतीस. पाच ते साडेसहा त्यांचीच वेळ आहे.”