परक्या मुलखात मोटार हाकणाऱ्या साहेबांसाठी

खरं तर यातलं शेवटचं सांगायचं नाही, असं आबांनी मला बजावलंय. पण बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत, जिच्या वडिलांचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे, तिच्याकडे किस्से साठणार नाहीत तर काय! चढणीआधी प्रत्येक मोटार इथं अर्धा तास थांबते. मोटार थंड होते आणि माणसं तापतात!

लढाई सुरू झाल्यापासून रजेवरचे गोरे साहेब घाटावर हवा खायला निघतात. मी इंग्रजी चौथीत, म्हणून आबांच्या सूचना त्यांना मीच सांगायच्या. माझा आवाज इतका बारीक की प्रत्येक सूचना दोनदा सांगावी लागते. तरी ऐकत कुणीच नाही.

*

एक अमेरिकन शिपाई खालापूरहून आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत त्यांच्या देशातल्यासारखा रस्त्याच्या उजव्या बाजूनं आला. समोरच्या सगळ्या बैलगाड्या शेतात उतरल्या. तो खूश! "तुमचे लोक किती अदबीचे! मला बघताच रस्ता सोडतात!"

आबा म्हणाले, "कुसुम, त्याला सांग गं, घाटातली लॉरी एवढी अदबीची नाय."

*

पळसदरीच्या धोंडूमामांना एका साहेबानं हात करून विचारलं, "पूना?" मामा म्हणाले, "हाय." साहेब गेला तो थेट कशेळ्याला!

"मामा, तो उलट्या बाजूला हात करत होता ना?"

"मग? एवढा मोठा माणूस विचारतोय, त्याला नाय कसं म्हणू? आणि मुरबाडावरनं बी जाता येतं की पुण्याला!"

तेव्हापासून आमची सूचना अशी, की रस्ता विचारताना हात खिशात ठेवावेत.

*

वळणावर हॉर्न वाजवणं असभ्यपणाचं असतं, असं एका साहेबाचं मत होतं. घाटातून तो परत आला तेव्हा बॉनेटवर अर्धी गवताची गाडी होती. आबांनी बॉनेट झाडलं. गवत तेवढं आमच्या म्हशीला घातलं.

*

"तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका." हे मी दोनदा सांगितलं. साहेब म्हणाला, "पंधरा वर्षं मोटार चालवतोय मी!" आणि झाकण फिरवलं.

हात वाचला. हॅट मात्र वाफेबरोबर आंब्यावर गेली. यंदा कावळीनं तिच्यात अंडी घातली आहेत.

*

आता तो कॅप्टन. चार दिवसांची रजा, मग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. बरोबर मडम आणि तान्हं बाळ. आबांनी चाकं उघडून पाहिली. ब्रेकचे पट्टे पार झिजलेले.

"कुसुम, सांग त्याला. चढावर गाडी मागं आली तर तिघं दरीत जातील."

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "वाळवंटात याहून वाईट गाडी चालवलीय. आम्ही निघतो."

मी मडमला पाणी देत होते. आबांनी बॉनेट बंद केलं आणि जाता जाता माझ्या हातात काहीतरी कोमट दिलं. रोटर! अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून इंजिनात ठिणगी पडत नाही. "ओच्यात लपव. बोललीस तर तुझा बाप तुरुंगात."

कॅप्टननं हँडल मारून मारून पाहिलं. मग बॉनेट उघडलं. आत बघितलं, आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या बोटांकडे बघत होते.

"पार्ट पुण्याहून यायला दोन दिवस लागतील," असं मी इंग्रजीत म्हणाले. एकदाच सांगून समजलेलं माझं पहिलं वाक्य, आणि तेच खोटं!

दोन दिवस ती तिघं डाकबंगल्यात राहिली. संध्याकाळी कॅप्टन बाळाला खांद्यावर घेऊन आमच्या म्हशीशी बोलायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पुण्याहून मागवलेले ब्रेकचे नवे पट्टे लॉरीतून आले. आबांनी ते बसवले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रोटरही बसवला.

निघताना कॅप्टननं मला हाक मारली. मोटारीतल्या हत्यारांच्या पेटीतून एक जुना मोजा काढला आणि त्यातून रोटर. अगदी तस्साच!

"आमच्याकडे लढाईत गाडी उभी केली की कुणी ती पळवू नये म्हणून प्रत्येक जण हा काढून खिशात घालतो. म्हणून मी एक जादा ठेवतो," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून इथंच होता. वडिलांना दे."

मोटार घाटाला लागली. मी तो रोटर आबांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाले, "कुसुम, म्हंजे तो दोन दिवस—"

"कुसुम! अगं, पाण्याची बादली आण! मोटार आली!"

आले, आबा! ही आत्ताची हाक, जायला हवं. तर तेव्हा ते म्हणाले की—