जिवंत पेशीच्या आत

सीतादही झाल्याशिवाय आमच्या घाटंजीकडच्या वावरात कापसाला हात लागत नाही. पहिल्या वेचणीआधी आई दगड मांडून कुंकू लावते आणि तासांमध्ये, म्हणजे कापसाच्या ओळींमधून, दही-भात शिंपडते. यंदा त्या सकाळी मी वावरात होते, पण जीव अडकला होता हैदराबादच्या प्रयोगशाळेत. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा निकाल तिथून मोबाइलवर यायचा होता.

आमचं पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा एवढासा तुकडा. औषधाला पाठीवर घेऊन तो पेशीच्या पडद्यातून आत शिरतो, असा माझा दावा. पण या विषयात पूर्वी भलेभले फसले होते. बघण्याआधी पेशी रसायनात बुडवून मारायची रीत. मेलेल्या पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, मग बाहेर चिकटलेलं काहीही आत घुसतं. म्हणून या वेळी प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीने जिवंत पेशींचंच चित्रण केलं होतं. तिथे शिरलं नसेल, तर सगळंच मुसळ केरात.

दही-भात शिंपडून व्हायच्या आतच फोन वाजला. आई मान वर न करता म्हणाली, "थांब थोडं. कापूस थांबून राह्यला, तुले काहून घाई?"

चिडले, पण थांबले.

मग धुऱ्याच्या बांधावर बसून आई, बाबा आणि मी चित्रफीत पाहिली. हिरवे ठिपके, म्हणजे चमकता रंग लावलेलं आमचं पेप्टाइड, पेशीला बाहेरून चिकटले. पडदा आत वळला, त्याची इवलीशी पिशवी झाली, ठिपके आत गेले. पण पिशवीतच कोंडलेले. खूप वेळ काहीच नाही. पिशवीतून सुटले नाहीत, तर औषध वायाच. आणि मग एक पिशवी फुटली, हिरवा उजेड पेशीभर पसरला, आणि ती पेशी अजून हळूहळू हलत होती. ज्याचे मी नुसते आलेख काढत आले, ते खरंच असं घडत होतं.

"मंजे मेली नाही ना थे?" आईने विचारलं.

"नाही. जिती हाय."

बाबा मोबाइलवर वाकले होते. मी शाळेत असताना फवारणीचं विष अंगात भिनून ते दवाखान्यात पडले होते. औषध आत जातं कसं, हा प्रश्न मला त्यांच्या खाटेपाशीच पडला होता. त्यांना मी ते कधी सांगितलं नव्हतं.

"जहर तं माह्या अंगात कोनाले न इचारता गेलतं," ते म्हणाले. "औषधाले मात्र एवढी मेहनत. अजून एकडाव दाखव बरं."