खालापूरची टमटम आणि माझं वजन

"गाडी घेऊन तू जाणार कुठे?" हा प्रश्न त्या हिवाळ्यात कर्जतमधल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाने मला विचारला. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आजही येत नाही. बाजार आमच्या घराला लागून, स्टेशन अंगणातून दिसतं. जायचं असं कुठेच नव्हतं. मला गाडी हाकायची होती, एवढंच. कळंबला मामाकडे दर सुट्टीत बैलगाडी हाकून माझे हात त्या कामाला सोकावले होते. त्यात बाबांची घोडी, चिंगी, दारात बांधलेली. बाबा तिच्यावर बसून वसुलीला जायचे ते गुडघे दुखायला लागल्यापासून बंद झालं होतं, आणि ती बिचारी उभ्याउभ्या माशा वारत असायची.

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी बाबा म्हणाले, "माग काय हवं ते." आईच्या मनात पाटल्या होत्या. मी टमटम मागितली. टमटम म्हणजे दोन चाकांची हलकी, उघडी गाडी. हाकणारा पुढे, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून मागे एकदोघं. टांग्यासारखं वर छप्पर नाही की पडदा नाही.

बाबांची भाताची गिरणी आहे. बोलण्याआधी ते सगळं पाखडून घेतात. दोन दिवसांनी त्यांनी अट सांगितली. "गाडी करून देतो. पण खालापूरहून घरापर्यंत तूच हाकत आणायचीस. वाटेत लगाम दुसऱ्या कुणाच्या हातात गेला, तर गाडी गिरणीची. गिऱ्हाइकांची ने-आण करायला वापरीन." मी कबूल केलं. पंच म्हणून त्यांनी आपल्या बहिणीला, आमच्या गंगूआत्याला, माझ्याबरोबर दिलं. आत्या भावाशीही खोटं बोलत नाही, हा तिचा गुण आम्हा सगळ्यांना फार जाचतो.

असा प्रवास करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी तो मार्गशीर्षात करावा. भात झोडून झालेलं असतं, रस्ते कोरडे असतात आणि दुपारचं ऊन सोसवतं. आमचा गाडीवान सुदाम चिंगीला घेऊन आदल्या दिवशीच रस्त्याने पुढे गेला होता. आत्या आणि मी सकाळच्या आगगाडीने खोपोलीला निघालो. छोटीशी गाडी आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं एकेका गावाची विचारपूस करत जाते. डाव्या हाताला घाटाचा डोंगर सतत सोबत असतो. खोपोली आली की डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे जाडजूड नळ दिसतात. आत्याने पहिल्यांदाच पाहिले. "एवढं पाणी खाली आणतात आणि आमच्या विहिरीला उन्हाळ्यात तळ," म्हणून तिने त्या नळांना कायमचं नापास केलं.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात पोहे चांगले मिळतात. चहा मात्र गुळाचा. लढाई चालू असेपर्यंत साखरेची आशा धरू नये. पेट्रोलही मिळत नसल्याने खालापूरपर्यंतच्या चार-पाच मैलांना टांगाच करावा लागतो. भाडं आधी ठरवा, आणि "घोडा दमलाय" हे वाक्य ऐकू आलं तर दुसरा टांगा बघा.

आमच्या टांगेवाल्याने कुठे, कशाला, सगळं काढून घेतलं आणि मग घोड्याशी बोलावं तसा समोर बघून म्हणाला, "बाया गाड्या हाकनार? मग आमी काय भाकऱ्या थापायच्या?"

"थाप की," आत्या मागून म्हणाली. "तुझ्या बायकोला तेवढीच सुट्टी."

पुढे खालापूर येईपर्यंत तो फक्त घोड्याशीच बोलला.

गाडी बांधणाऱ्या उस्मानभाईंचा कारखाना म्हणजे रस्त्याकाठी कौलारू पडवी, पुढे मोठं चिंचेचं झाड आणि झाडाखाली चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायची भट्टी. टमटम झाडाखाली उभी होती. हिरवीगार, चाकांना पिवळ्या रेघा. नवं लोखंड मिळत नाही म्हणून धावा एका मोडीत निघालेल्या बग्गीच्या होत्या, पण रंगाखाली ते कुणाला दिसणार? मी गाडीभोवती फिरले. आत्याने चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सुदामने चिंगीला जुंपलं. आत्या मागे चढली, मी पुढे बसून लगाम घेतला आणि जिभेने टक केलं.

लिंबू चिरडलं आणि गाडी उलाळ झाली.

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. त्याला उलाळ म्हणतात. इथे घोडीच्या दोन्ही बाजूंचे दांडे वर उठले, चिंगीच्या पोटाखालचा तंग कचकन आवळला गेला आणि ती मान उडवत जागच्या जागी नाचायला लागली. आत्या मागच्या बाजूने जमिनीकडे सरकत होती आणि देवांची नावं घेत होती. सुदामने धावत येऊन दांडे दाबून धरले. मी उतरले.

"उस्मानभाई, बैठक मागे आहे. पुढे भार कमी पडतोय."

"कमी कसा पडेल बाय?" ते दुखावलेच. "मालकांचं वजन धरून बसवलीय. मालक बसू देत, फुलासारखी चालेल."

"पण हाकणार मी आहे!"

उस्मानभाईंनी सुदामकडे बघितलं. मीही बघितलं. गाडीचं माप सांगायला बाबांनी त्यालाच पाठवलं होतं. सुदाम चिंगीच्या आयाळीतून काहीतरी नसलेलं काढायला लागला.

"यांनी इचारलं, हाकनार कोन," तो म्हणाला. "हितं चार मानसं बसली हुती. भर बाजारात कसं सांगू ताई, का आमच्या मालकांची पोरगी हाकनार हाय? मी आपलं मालक म्हनून सांगितलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याने आमच्याच घराची लाज झाकली होती, आणि ती लाज म्हणजे मी होते. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

मग तोडगे सुरू झाले. आत्या म्हणाली, मी पुढे तुझ्या शेजारी बसते. म्हणजे ती बरोबर असेल तेव्हाच मी हाकायची! सुदाम म्हणाला, आज मी नेतो, मालकांना नाय कळायचं. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उस्मानभाईंचा तोडगा सगळ्यांना पटला: पायाशी भाताची एक गोणी टाकायची.

"आणि नाक्यावर शिपायाने अडवून विचारलं, परवान्याशिवाय भात कुठे चाललाय, तर?" मी म्हटलं. "त्याला सांगू, हे माझं उरलेलं वजन आहे?"

"मग वाळूची टाका," उस्मानभाई म्हणाले.

खरं तर वाळूची चालली असती. बाबांची अटही मोडली नसती. पण जन्मभर गाडीत पाऊल टाकताना दुसऱ्याच्या वजनाची गोणी पायाशी घ्यायची, हे मला नको होतं. मी म्हटलं, "बैठक पुढे घ्या."

उस्मानभाई आता गंभीर झाले. "ऐक बाय. पुढं घेतली तर ती तुझ्या वजनाची झाली. मालक बसले तर दांडे खाली दाबणार, घोडीच्या पाठीला लागणार. पुढं-मागं सरकती करायला लोखंडी पट्टी लागते, ती आज सोन्याच्या भावात पण नाय. नवी भोकं पाडायची आणि ठोकायची. एकदाच. पैसे मालकांचे आहेत. त्यांना इचार."

कर्जतला निरोप धाडायचा म्हणजे सुदाम जाऊन येईपर्यंत दुसरा दिवस मावळणार. आणि निरोप गेला तर उत्तर काय येईल ते मला ठाऊक होतं. बाबा म्हणाले असते, गोणी टाक. समंजस माणूस दुसरं काय म्हणेल? मी झाडाखाली थोडा वेळ बसले.

"पाडा भोकं," मी म्हटलं.

"मग वजन करावं लागेल," उस्मानभाई म्हणाले. "अंदाजानं एकदा फसलोय."

वजनाचा काटा रस्त्यापलीकडे भाताच्या वखारीत. तुळईला टांगलेला, पोती तोलायचा. बाजाराचा दिवस नव्हता, तरी मी पारड्यात पाय दुमडून बसेपर्यंत निम्मं खालापूर जमलं. सुदाम ज्यांच्यापासून मला लपवत होता ती चार माणसं सर्वांत पुढे.

"कोलम हाय का जिरेसाळ?" कुणीतरी भाताची जात विचारली.

"बी.ए. आहे!" आत्या गरजली. "तोलून बघ, तुझ्या घरात आहे का एवढं!"

हशा पिकला. मी लाल झाले असेन. पण पारडं जमिनीवरून उचललं गेलं, अधांतरी झुललं, मग स्थिर झालं, आणि मला एकाएकी फार बरं वाटलं. आजवर कुणी माझ्यासाठी माप असं घेतलंच नव्हतं. वह्या दादाच्या उरलेल्या, चपला आईच्या. अंगावरचा कोटसुद्धा दादाचाच.

तेवढ्याच वजनाची वाळू पोत्यात भरून उस्मानभाईंनी ती बैठकीवर ठेवली आणि बैठक तसू-तसू पुढे सरकवत दांडे हातात तोलून बघत राहिले. आत्या पोत्यावर थोपटून म्हणाली, "ही पोरगी बरी. उलट बोलत नाही." दुपारी उस्मानभाईंच्या घरातून तांदळाची भाकरी आणि सुकट आली. आत्याने आपल्या दशम्यांची पुरचुंडी सोडली. मी भाकरी-सुकट खाल्लं. आत्या तेवढा वेळ चिंचेकडे बघत होती.

संध्याकाळ झाली. आत्याच्या सासरची माणसं गावात होती, तिथे मुक्काम केला आणि सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो. या वेळी दांडे तसूभरही उचलले गेले नाहीत. चिंगीने कान पुढे केले आणि चालायला लागली.

मुंबई-पुणे रस्ता रुंद आणि छान आहे, पण लष्करी लॉऱ्या एकीमागून एक येतात. पहिली लॉरी भोंगा वाजवत अंगावरून गेली आणि चिंगी तिरकी होऊन चराकडे ओढायला लागली. सुदाम बाजूने चालत होता. "ताई, द्या हिकडं!" तो ओरडला. मागून आत्या म्हणाली, "दे गं त्याच्याकडे. मी डोळे मिटलेत, मला काही दिसत नाही."

आत्याने भावाशी खोटं बोलायची तयारी दाखवावी, एवढी ती घाबरली होती. मी लगाम मनगटाला गुंडाळला नाही. तसं कधी करू नका, घोडा उधळला तर माणूस फरफटतो. आधी लगाम आखडला, मग जरा सैल सोडला, आणि कळंबच्या बैलांशी बोलायचे तशी चिंगीशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. आणखी पाच-सहा लॉऱ्या गेल्या. खोपोलीच्या नाक्याशी पोचेपर्यंत माझ्या तळहातांची सालं निघाली होती.

तिथून लॉऱ्यांचा रस्ता सुटला, म्हणून सुदाम आगगाडीने पुढे गेला. आत्यालाही जाता आलं असतं. ती स्टेशनाकडे बघत क्षणभर थांबली, मग पदर कमरेला खोचून पुन्हा मागे चढली. "पंच मधेच उठून गेला तर निकाल कोण सांगणार?"

खोपोली ते कर्जत हा रस्ता अरुंद, खडी उखडलेला, पण त्याच्यासारखा सुंदर रस्ता मी पाहिलेला नाही. दोन्हीकडे कापलेल्या भाताची खोडं, मधूनमधून वालाची हिरवी पट्टी. डोळवलीच्या पुढे डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोघी ठाकरणी भेटल्या. गाडीत पुरुष नाही हे पाहून एक थांबली.

"कुठं चाललीस गं बाय?"

"घरी."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि चालू लागली. एवढ्या दिवसांत या प्रश्नावर माझी उलटतपासणी न करणारी ती एकटीच.

पळसदरीच्या फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत थांबलो, चिंगीला पाणी पाजलं. दुपारी उल्हासच्या पुलावरून कर्जतमध्ये शिरलो. गिरणीचा पट्टा चालू होता, तरी बाबा बाहेर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बहिणीला विचारलं, "काय?"

"लगाम तिच्याच हातात होता," आत्या म्हणाली. "मी सुदामला दे म्हटलं होतं. दिला नाही मेलीने."

गाडी माझी झाली. आता मी रोज सकाळी भिसेगावापर्यंत जाऊन येते. लोक अजून विचारतात, कुठे? तळहातांना घट्टे पडलेत. आई त्यांना तूप लावते आणि पाटल्यांची आठवण काढते. आपली गाडी करून घ्यायचं कुणा मैत्रिणीच्या मनात असेल तर एवढंच सांगेन: माप सांगायला स्वतः जा, आणि काट्यावर बसायला लाजू नका.

गाडी आणल्यावर चार दिवसांनी बाबा कौतुकाने पुढच्या बैठकीवर चढले. दांडे खाली दबले, चिंगीने पाठ चोरली. रोज वजनकाट्यावर काम करणारे माणूस ते. लगेच उतरले आणि बैठकीखाली वाकून बघू लागले. मी खालापूरची सगळी हकीकत सांगितली. ऐकून ते म्हणाले, "हरकत नाही. मागची भोकं आहेतच. कधी पाहुणे आणायचे असले तर सुतार बोलावून बैठक मागे घेऊ."

मी त्यांचा हात धरून बोटं फळीवर फिरवली. लाकूड गुळगुळीत लागलं. जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून, तासून, वरून हिरवा रंग मी खालापुरातच देऊन घेतला होता.