मलजा मावशी आमच्याकडे कधी झोपल्या नाहीत

मलजा मावशी महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी यायच्या. आमच्याकडे अकराला येत आणि साडेअकराला उठत. मग बावीस पायऱ्या चढून वरच्या गल्लीत माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे जात, आणि तिथून तीनच्या आत काही खाली उतरत नसत. मी हे अंदाजाने लिहीत नाही. त्या वर्षाच्या माझ्या वहीत प्रत्येक दुसऱ्या गुरुवारपुढे त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आहेत, आमच्याकडच्या आणि जाऊबाईंकडच्याही.

त्यांचं काम म्हणजे घरोघर जाऊन क्रीमं विकणं. कोरियात, सोल शहरातल्या आमच्या मापो भागात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. खांद्याला चौकोनी निळी पेटी, पायात सपाट काळे बूट, डोक्यावरून गालांपर्यंत ओढलेला रुमाल. मलजा म्हणजे शेवटची. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा आजोबांनी वैतागून ठेवलेलं नाव. "पण माझ्यामागून आणखी दोघी आल्या," मावशी सांगायच्या, "आमच्या घरात आजोबांचं कोणी ऐकतच नव्हतं." नवरा लवकर गेलेला, पदरात तीन मुली. हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही, जाऊबाईंनी सांगितलं. तेही मला लागलं.

माझी त्वचा मुळातच कोरडी. हिवाळ्यात गालावरून हात फिरवला तर पीठ सांडल्यासारखं वाटे. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या गालावर तपकिरी डाग उठला तो राहिलाच. मी नन्सच्या शाळेत वाढलेली. तिथे आरसा एकच होता, आजारी मुलींच्या खोलीत, तळहाताएवढा. चेहरा देवाला दिसतो तेवढा पुरे, असं सिस्टर अगात म्हणत. त्यामुळे चौतिसाव्या वर्षापर्यंत माझा चेहरा कोणी नीट पाहिलाच नव्हता, मीही नाही.

तो पहिल्यांदा मावशींनी पाहिला. मार्च १९८६, चीनच्या वाळवंटातून उडून येणाऱ्या पिवळ्या धुळीचे दिवस. मावशी पेटी न उघडता आधी खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीवरून ओला कापूस फिरवला. दुसरा बोळा भिजवून माझ्या डाव्या गालावरून फिरवला. मग दोन्ही बोळे माझ्यापुढे ठेवले.

"सांगा, यातला खिडकीचा कुठला?"

मला सांगता आलं नाही. दोन्ही सारखेच काळे.

"अहो, मी सकाळीच पुसली होती खिडकी," मी म्हणाले.

"तुम्ही पुसलीत, आणि मग बस सुटल्या." आमचं घर बसडेपोच्या बरोबर वर होतं. "उशी कुठे असते तुमची?"

"खिडकीखाली."

"आणि झोपता उजव्या कुशीवर. म्हणजे हा डावा गाल रात्रभर बसच्या बाजूला. ते-सिकची आई, चेहरा काय एकटा असतो का? त्याच्यामागे घर असतं, घरापुढे रस्ता असतो." ते-सिक माझा मुलगा; आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात.

मग त्यांनी मला जमिनीवर आडवं केलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी चेहरा धरला. माझ्या आईनेही तो असा धरल्याचं मला आठवत नाही.

"रात्री आधी हे सगळं उतरवायचं. घासायचं नाही, भांडी नाहीत ती. मग पाण्यासारखं लावायचं. ते ओलं आहे तोवर दुधासारखं. आणि सगळ्यात वर साईसारखं. डाग उजळायचं आत्ता नावच काढू नका. फाटलेलं कापड कोणी रंगवतं का? आधी शिवायचं."

असं म्हणून त्यांनी एक पांढरी डबी माझ्या हातात ठेवली. तिला वासही नव्हता.

मला हवी होती हिरवी. जाऊबाईंच्या आरशापुढे एक ठेंगणी, जाड काचेची हिरवी डबी असे, जिनसेंगच्या वासाची. आणि जाऊबाईंचा चेहरा म्हणजे सोललेलं उकडलेलं अंडं. चाळिशी उलटून गेलेली, घरात पसारा, केसांत कधी फणी नाही, पण गालावर एक ठिपका नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी माझं गणित केलं होतं.

"मावशी, मला जाऊबाईंकडे आहे ती हिरवी द्या."

"ती तुमची नाही."

"म्हणजे माझ्या त्वचेला नाही, की मला नाही?"

"तुमची नाही," त्या परत म्हणाल्या, पेटीची कडी लावली आणि बावीस पायऱ्या चढून गेल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी उतरल्या. उतरताना चाल अशी निवांत की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

पांढऱ्या डबीने फरक पडत होता, हे मी मान्य करायला हवं. उशी मी दुसऱ्या भिंतीशी नेली, उन्हाळ्यापर्यंत पीठ सांडायचं थांबलं. पण महिन्याच्या महिन्याला मी हिरवी मागत राहिले आणि मावशी नाही म्हणत राहिल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांचं श्राद्ध जाऊबाईंकडे होतं. आम्ही दोघी भोपळ्याची धिरडी घालत होतो.

"धाकटे, जरा उजेडात ये," जाऊबाई म्हणाल्या. "अगंबाई, डागाला आता शेपूट फुटलं की! डेपोतून निघून थेट नदीपर्यंत. थांबे पण आहेत का गं मध्ये?"

"तुमचं धिरडं करपतंय."

"करपू दे. मामंजी जिवंतपणी माझ्या हातचं करपलेलंच खात होते. आता काय वेगळं मागणार आहेत?"

मी हळूच विचारलं, "मावशी तुमच्याकडे इतका वेळ काय करतात हो?"

"झोपतात," जाऊबाई म्हणाल्या आणि हसल्या.

उत्तर द्यायचं नसलं की त्या अशीच काहीतरी थट्टा करायच्या. मला राग आला. थोड्या वेळाने त्यांनी मला आतून ताटल्या आणायला पाठवलं. आरशापुढे हिरवी डबी होती. मी नैवेद्याच्या छोट्या वाटीत त्यातलं बोटभर क्रीम काढलं आणि वाटी रुमालात गुंडाळली. पुढच्या रविवारी कन्फेशनला गेले तेव्हा फादरना बरंच काही सांगितलं. हे सांगितलं नाही.

त्या रात्री मी ते डाव्या गालाला जाड थापलं. सकाळी गाल लालभडक, डोळ्यापर्यंत सूज. गुरुवारपर्यंत सूज उतरली, पण साल निघत होती.

मावशींनी दारातूनच पाहिलं. "कुणाची डबी?"

"माझीच."

त्यांनी गार पाण्याची घडी गालावर ठेवली. "पांढरीशिवाय काही लावू नका. आज मी तुम्हाला दुसरं काही देत नाही." पंधरा मिनिटांत त्या निघाल्याही. माझ्या वाट्याचा अर्धा तास, त्यातलाही निम्मा गेला. आणि आता वर जाऊन जाऊबाईंना चार तास देणार! अर्धा तास मी कसाबसा काढला. मग चप्पल घातली आणि पायऱ्या चढले. आज काय ते तोंडावर विचारायचंच होतं.

दारात जाऊबाईंकडच्या मंडळींची पायताणं नेहमीसारखी एकमेकांवर पडलेली. त्यांच्यात मावशींचे काळे बूट तेवढे जोडीने ठेवलेले, टाचा झिजलेल्या. दार अर्धवट उघडं होतं.

मावशी खालून कोळशाने तापवलेल्या जमिनीवर झोपल्या होत्या. उशाला मी-रानचं, जाऊबाईंच्या मुलीचं दप्तर. बाजूला लसणाची सालं, रेडिओ चालू, कुणाचा तरी एक मोजा. जाऊबाई त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या, आणि हिरव्या डबीतलं क्रीम बोटावर घेऊन मावशींच्या गालावर लावत होत्या.

रुमाल काढलेला होता. मावशींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गालांची हाडं वाऱ्याने फाटलेली, नाकाशेजारी भेगा, कातडी ठिकठिकाणी वेगवेगळ्या रंगाची. दिवसभर आमच्याच रस्त्यांवरून, आमच्याच बसच्या धुरातून फिरणारा चेहरा. आठ महिने तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि मी माझाच पुढे करत होते.

जाऊबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "धाकटे, दार लाव. थंडी आत येतेय."

"ती हिरवी डबी..." मी कुजबुजले.

"यांचीच आहे. मी विकत घेते आणि यांच्यासाठी इथेच ठेवते. घरी नेली की पोरी संपवतात. सगळ्या गावाला लावत फिरतात, यांना कोण लावणार?"

"मग तुम्ही काय लावता?"

"मी? साबणाने तोंड धुते. माझ्या अंगावर चरबी आहे गं, आतूनच तेल सुटतं." मग माझ्या गालाकडे पाहून त्या हसू दाबत म्हणाल्या, "वाटी परत आण हं. देवाची आहे."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पायऱ्या उतरताना फक्त जळफळाट होत होता. जाऊबाईंचा नुसता चेहरा चांगला होता तोवर मी सहन करत होते. आता या चांगुलपणातही पुढे! आणि तोही असा, पसाऱ्यात बसून, मोज्याशेजारी. मावशींना जरा टेका म्हणावं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं, आणि जाऊबाईंना सुचलं होतं.

डिसेंबरच्या गुरुवारी मी पहाटेच दोन जादा कोळशाच्या वड्या टाकून जमीन तापवली. धुतलेली रजई अंथरली, इस्त्रीच्या अभ्र्याची उशी ठेवली, भाजलेल्या जवाचा चहा केला.

"मावशी, आज जरा पडा ना. मी लावते तुम्हाला."

त्या रजईच्या अगदी कडेला टेकल्या. उशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसल्या, पण मायेने.

"ते-सिकची आई, या उशीला सुरकुती पडेल म्हणून मी श्वास धरून झोपेन हो. तुमच्याकडे मला काम करायलाच बरं वाटतं. आणा तो गाल इकडे."

साडेअकराला त्या उठल्या.

पुढे डेपो शहराबाहेर गेला. घरोघर क्रीमं विकणाऱ्या बायकाही गेल्या. माझे यजमान गेले, भावजीही गेले. मावशी आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असतात. जाऊबाई सहा वर्षं दर गुरुवारी तिथे जात होत्या. मला त्यांनी कधी चल म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. यंदाच्या मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा फोन आला.

"धाकटे, या गुरुवारी तू जा. डबी मी पाठवते. कंपनीने ती आता निळी केलीय, पण मावशींपुढे हिरवीच म्हणायचं."

गेल्या गुरुवारी अकराला मी पोचले. बाहेर धुळीने नदीपलीकडचं काही दिसत नव्हतं. मास्क काढला तर आतून राखाडी. मावशी खाटेवर होत्या, एवढ्याशा झालेल्या. मला ओळखलं नाही. मी हात धुतले आणि त्यांनीच शिकवलेल्या क्रमाने लावायला घेतलं. आधी पाण्यासारखं. मग दुधासारखं. मग साईसारखं. त्यांचे डोळे मिटले. श्वास संथ झाला.

"मी-रानची आई," त्या झोपाळू आवाजात म्हणाल्या, "आज हात गार का हो?"

मी गप्प राहायला हवं होतं. आणखी दोन मिनिटं गप्प राहिले असते तर त्या झोपल्या असत्या, माझ्या हाताखाली, आयुष्यात पहिल्यांदा. पण ती झोपसुद्धा जाऊबाईंच्याच नावावर जाणार होती.

"मी ते-सिकची आई आहे, मावशी."

डोळे उघडले. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग हात वर आला आणि अंगठा बरोबर माझ्या डाव्या गालावर, जुन्या डागावर येऊन थांबला.

"बसच्या बाजूचा," त्या म्हणाल्या. "उशी हलवलीत का?"

"हलवली, मावशी. अडतीस वर्षं झाली."

"मग हे एवढं कोरडं कशाने? बसा नीट." आणि त्या उठून बसल्या. निळ्या डबीतलं क्रीम बोटावर घेऊन तळहातांत ऊब दिली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. जेवणाची घंटा होईपर्यंत सोडला नाही. घंटा साडेअकराला होते.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन.

"झोपल्या का गं?"

"हो. लगेच," मी म्हणाले.

"घोरल्या?"

"थोड्याशा."

"धाकटे, मावशी कधी घोरत नाहीत." जाऊबाई हसल्या, गुडघे दुखेपर्यंत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझा गाल हातात घेतला ना त्यांनी?"

"घेतला."

"वाटलंच. माझा चेहरा त्यांनी एकदाही हातात धरला नाही गं. इतकी वर्षं वाट पाहिली मी. नेहमी म्हणायच्या, 'तुमचं काय बघायचं, तुमचं छानच आहे.'"

मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, "काय म्हणालात, जाऊबाई? परत सांगा ना."