फिटच्या गोळ्या आणि मेव्हण्याची चप्पल

फिटच्या गोळ्या मी तरुणपणापासून घेत होतो. ऐंशी सालानंतर तुर्भ्याच्या कारखान्यात असताना लघवीला त्रास सुरू झाला आणि एक्स-रेत प्रोस्टेटमध्ये खडे दिसले. मी डॉक्टरांना विचारलं, "हे गोळ्यांमुळे तर नाही?" ते म्हणाले, "असेलही, नसेलही. मला खात्री नाही. पण गोळ्या बंद करायच्या नाहीत."

घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मात्र सगळ्यांनाच खात्री होती. शेजारी म्हणाले, गोळ्यांचा चुना खाली साचतो, त्याचेच खडे होतात. मेव्हण्याला तर नुसता ऊत आला! "दाजी, टेन्शन घेऊ नका, आजपासून हे विष बंद," म्हणत त्यानं माझ्या गोळ्या गटारात टाकल्या.

दोन-तीन दिवसांत मी दारातच फिट येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा आळी गोळा झाली होती, आणि मेव्हणा माझ्या नाकाला आपली चप्पल लावून बसला होता. चप्पल हुंगवली की फिट उतरते, याबद्दलही कुणालाच शंका नव्हती.

डॉक्टरांची गोळी विष, आणि सार्वजनिक संडासातून फिरून आलेली ह्याची चप्पल औषध!