पांढऱ्या साडीपुढचं वलय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. त्यामुळे मी जेवताना 'माणसाभोवतीचं तेजोवलय बघायला शिकतेय' असं सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"आम्ही देव्हारा काढला घरातून," ते म्हणाले, "आन् तू पदवी घेऊन वलय आणती? यासाठी शिकवली का तुला?"

बाबा अंबडच्या कारखान्यात लेथवर होते. कातलेला नग मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर भंगार. माणसांनाही हाच नियम. मला वेडी म्हणाले असते तर चाललं असतं. शिक्षण वाया गेलं म्हणाले, ते लागलं. आता त्यांना दाखवल्याशिवाय सुटका नव्हती.

सराव साधा. भिंतीसमोर हात धरायचा, बोटं थोडी फाकवायची आणि बोटांकडे न बघता त्यांच्या मधून पलीकडे बघायचं. डोळे ताणायचे नाहीत. संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून आले की मी हेच करत बसायचे. कित्येक आठवडे काही दिसलं नाही. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "बोटं मोजती का गं? पाचच हायत."

चूक उशिरा लक्षात आली. आमच्या कॉलनीत बहुतेक घरं आतून-बाहेरून निळी. जन्मापासून डोळ्यांसमोर, म्हणून तो रंग आहे हेच विसरायला होतं. वलयाची पहिली कडा फिकट निळसर असते. ती निळ्या भिंतीवर दिसणार कशी? आई बुद्धवंदनेला नेसते ती पांढरी साडी मी खिळ्यांवर ताणून बांधली. ट्यूबलाइट बंद केली, खिडकी अर्धी लोटली. आणि बोटांच्या कडेने धुरकट निळसर पट्टा उभा राहिला. हात हलवला, तोही हलला. मी ओरडलेच.

बाबा दारातून बघत होते. "डोळे थकले की दिसतं तसं. तुझ्याच फिजिक्समधी असंल."

"असेल. मग बसा आणि तपासा. आपल्यात आधी बघायचं, मग मानायचं ना?"

ते चष्मा पुसून खुर्चीत बसले. साडीपुढे आईला बसवलं. "तिच्याकडे नाही, डोक्याच्या थोडं वर, साडीकडे बघा," मी म्हणाले. त्या संध्याकाळी काही नाही. नंतरच्याही नाही. पण चहा झाला की खुर्ची आता तेच ओढायचे.

मग एकदा ते बघता बघता उठले, आईला बाजूला केलं आणि तिच्या जागी पिठाचा डबा ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. पुन्हा आईला बसवलं.

"डब्याला बारीक कडा हाय," ते हळूच म्हणाले. "हिची लय रुंद. आन् हिची हलती."

"इतकी वर्षं झाली लग्नाला," आई म्हणाली, "माझा उजेड आज दिसला व्हय तुम्हाला?"

हे नेमकं काय आहे, ते मी अजून सांगू शकत नाही. दिसतं, एवढं छातीठोक सांगते.

पुढच्या रविवारी बाबांनी हॉलच्या निळ्या भिंतीवर दाराएवढा पांढरा चौकोन रंगवला. शेजारच्या काकांनी विचारलं, "रंग संपला का हो?"

"प्रयोगाची जागा हाय ती," बाबा ब्रश धुता धुता म्हणाले. "आमची पोरगी बीएस्सी हाय."